खाचरातलं आभाळ

“श्रावणात खाचरात आभाळ दिसलं तुला?”

केरोबांनी विचारलं आणि जयवंताची छाती फुगली. बाकीची पाच चित्रं म्हाताऱ्यानं हूं की चूं न करता बाजूला ठेवली होती. या एकावर मात्र थांबला.

“दिसलं ना बाबा! काठोकाठ. ढगाची किनारसुद्धा.”

केरोबा म्हणजे आसपासच्या देवळांच्या भिंतींवर देव काढता काढता म्हातारा झालेला माणूस. आता हात कापतो, म्हणून देवळाच्या ओवरीत बसून असायचे. नव्या सभामंडपाची भिंत अजून कोरी होती आणि जयवंताला ती रंगवायला हवी होती. बाबांनी सांगितलं होतं, वर्षभर गावात राहा, ऋतू बघ, सहा चित्रं आण. मग भिंतीचं बोलू.

आणि त्यानं बघितलेही ऋतू, खोटं कशाला बोला. माघात सावरीवर पान नसतं तरी फूल येतं. ज्येष्ठात मुंग्या अंडी तोंडात धरून भिंत चढतात. आश्विनात ऊन तिरपं झालं की भाताची लोंबी आधी टोकाला पिवळी पडते. सगळं वहीत टिपलेलं. शहरातला पोरगा, पण डोळ्याला आळस नाही.

“शेजारच्या खाचरांत काय दिसलं?”

“हिरवं. लावणी झाली होती ना सगळ्यांची.”

“हूं... मग याच्यातच का नव्हती?”

जयवंतानं नजर वळवली. बाहेर अंगणात पंगत बसत होती. कार्तिकातला नव्याचा दिवस. घरटी एक ओंजळ नवा तांदूळ देवळात येतो, एकाच हंड्यात शिजतो, आणि देवाला दाखवून मगच गाव नवा भात तोंडात घालतं.

“मी म्हटलं होतं... चार दिवस लावणी नका करू. चिखलणीचं पाणी निवळायला हवं होतं.”

“कुणाला म्हटलंस?”

“ठकूबाईंना. त्यांचंच खाचर ते.”

“निवळलं चार दिवसांत?”

“निवळलं. पण ऊन नव्हतं. मग ऊन आलं, तर वारा सुटला. पाण्यावर सुरकुत्या पडायच्या.”

“एकूण दिवस किती?”

“...एकवीस.”

हंड्यात पळी घालत सरसाबाई तिथूनच ओरडली, “एकवीस दिवसांत रोपाची म्हातारी झाली की हो बाबा! गाठी धरल्या त्यानं. मग लावलं बाईनं, पण दाणा कुठला भरतोय? सगळं पळंज. पेंढा तेवढा घरी नेला.”

जयवंतानं मान वर केली नाही. आश्विनात लोंबीचं टोक बघायला तो ज्या खाचरांवर गेला, त्यांत ठकूबाईचं नव्हतं. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून गेला नव्हता.

“ठकू कुणाला बांधावर उभं करत नाही,” केरोबा म्हणाले. “तुला एकवीस दिवस दिले. काय सांगितलंस तिला?”

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“सांगितलं... केरोबांचं काम आहे.”

म्हाताऱ्यानं चित्र खाली ठेवलं.

मग गुडघ्यावर हात रोवून उठला. जयवंताचा दंड धरला, त्याला अंगणात आणून पंगतीत बसवलं. वाढायला ठेवलेल्या ताटांतलं एक उचललं आणि कळशीतून त्यात पाणी ओतलं. काठाला येईतो ओतलं. कापत्या हातांनी, निम्मं आपल्याच धोतरावर सांडत, ताट त्याच्यापुढे ठेवलं.

“थांब. निवळू दे.”

सगळी पंगत बघत होती. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प बसलं.

“हां. आता जेव.”

ताटात आभाळ होतं. ढगाची किनारसुद्धा.

“बाबा, मी ते चित्र फाडून टाकतो.”

“फाड. तुझी लाज मिटेल. तिची कणगी भरेल का?”

“मग... तिच्या पाया पडतो.”

“म्हणजे तिनं आता तुला आशीर्वादही द्यायचा? अजून किती कामं लावणार आहेस त्या बाईला?”

जयवंत खाली बघत राहिला. भिंतीचं नाव काढायची हिंमत आता त्याच्यात उरली नव्हती. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं त्याला झालं. पण अंगण चांगलं चोपून सारवलेलं होतं, कुठं फट नव्हती.

पंगतीच्या शेवटाला ठकूबाई वाढलेलं ताट पुढे घेऊन बसली होती. यंदा तिच्या घरून ओंजळ आली नव्हती, म्हणून येतच नव्हती. बायकांनी हाताला धरून आणली होती. ती उठली. आपलं ताट घेऊन तरातरा आली, जयवंतापुढचं पाणी भस्सकन तुळशीकडे फेकलं आणि आपल्यातला निम्मा भात त्याच्या ताटात लोटला.

“तीन महिने झाले, रोज सकाळी चूल पेटवताना तुला शिव्या घालते मी,” ती म्हणाली. “उद्याही घालीन. पण पंगतीत माणूस पाणी पुढ्यात घेऊन बसलेला मला नाही बघवत. खा.”

आणि मागे न बघता जाऊन बसली.

भाताची वाफ जयवंताच्या तोंडावर येत होती. नवा भात, चिकट, गोडूस वासाचा. केरोबाही शेजारी बसले आणि पंगत जेवायला लागली. ठकूबाईही जेवत होती, उरलेलं निम्मं, पुरवून पुरवून.

त्यानं घास केला. तोंडात घातला. चावत राहिला... चावत राहिला...

“बाबा,” तो कसाबसा म्हणाला, “घास उतरत नाही खाली.”

केरोबांनी आपल्या ताटातून डोळे वर केले नाहीत.

“उतरू नये. तू खा.”