येसूचा झिरा

ही समोर भिंत दिसते ना, मधोमध फुटलेली, ते आमचं जुनं तळं. पाऊस कितीही झाला तरी यात पाणी टिकत नाही. तळात बाभळी वाढल्यात, गुरं चरतात. सातपुड्याच्या या पायथ्याला उन्हाळा फार वाईट, तरी ही भिंत पुन्हा कुणी बांधली नाही. त्याचं कारण असं सांगतात.

पूर्वी गावानं ही भिंत कितीदा तरी बांधली आणि दर पावसाळ्यात ती वाहून गेली. शेवटी भगताच्या अंगात आलं. तळं पोर मागतंय, म्हणाला. कुणाचं पोर, यावर गावात भांडण झालं नाही. येसू आणि कोंडू ही आईबाप नसलेली भावंडं चुलत्याकडे, म्हसूकडे वाढत होती. येसू बारा-तेरा वर्षांची, कोंडू लहान. म्हसूनं कोंडूला देऊ केलं.

त्या सकाळी काकीनं कोंडूला तेल चोळून न्हाऊ घातलं, नवी बंडी घातली, गुळाची पोळी दिली. पोरगा हरखून गेला.

"काकी, आज कुठला सण गं?" येसूनं विचारलं.

काकी पोराच्या बंडीचे बंद बांधत राहिली. तळ्यावर ढोल वाजू लागला, तसं येसूला कळलं. काकी कुंकू आणायला वळली आणि येसू भावाचा हात धरून मागच्या बाजूनं रानात पळाली.

गावानं हाकारा घातला. रानडुकरासाठी घालतात तसा. ढोल, थाळ्या, भाले, कुत्री. ज्या बायांनी कधी त्यांना भाकर दिली होती, त्याही थाळ्या बडवत चालत होत्या म्हणे. पोरं काट्यांतून वर वर चढत राहिली. रानालाही त्यांची दया नव्हती. वैशाखाचं ऊन, तापलेला दगड, पाण्याचा थेंब नाही.

"ताई, मी परत जातो. तिथं पोळी आहे," कोंडू म्हणाला. येसूनं त्याच्या थोबाडीत दिली, मग त्याला पाठीवर घेतलं.

वर एका कपारीत शिरली, तर आत अस्वल. मागे हाकारा. येसू भावाच्या तोंडावर हात दाबून तिथंच बसली. कुत्री कपारीपाशी आली आणि वास घेऊन मागं फिरली. बाहेर म्हसूचा आवाज आला, "रानानं घेतलं काय, तळ्यानं घेतलं काय, एकच." माणसं खाली गेली. ढोल पुन्हा वाजला.

अस्वलानं पोरांना काही केलं नाही. का, ते कुणी सांगत नाही. ते कपारीच्या तोंडाशी ओल हुंगत माती उकरू लागलं आणि खाली पाणी लागलं. आधी ते प्यायलं. ते बाजूला झाल्यावर पोरं प्यायली.

तिथंच ती राहिली, कंद खणून, टेंभरं खाऊन. खाली भिंत पुन्हा फुटली. पुढं काही वर्षांनी पाऊसच आला नाही, विहिरी आटल्या. पाखरांच्या मागानं सगळा गाव वर चढला. झिऱ्यापाशी येसू उभी होती. आता पुरती बाई झालेली, हातात टोकदार काठी.

"पाणी दे, पोरी," भगत म्हणाला.

"मोठ्यांनी तिथंच थांबायचं. पोरांना वर पाठवा. ती पितील आणि ज्याला द्यावंसं वाटेल त्याला आणून देतील."

"आणि ज्याला देणार नाहीत त्यानं?"

"त्यानं तळ्याकडं मागावं."

तिच्या मागं कपारीत काहीतरी गुरगुरलं म्हणे. कुणी पुढं पाऊल टाकलं नाही.

पोरं पळसाच्या पानांचे द्रोण भरून खाली आणू लागली. म्हसूला मूलबाळ नव्हतं. सगळे प्यायले तरी नवरा-बायको तशीच उभी. शेवटी कोंडू उतरला आणि काकीच्या हातात द्रोण दिला. तिनं तो नवऱ्यापुढं केला.

"त्याला नाही," कोंडू म्हणाला. "आम्ही पळालो ते तू बघितलं होतंस. ओरडली नाहीस."

काकी प्यायली. म्हसू कोरड्या तोंडानं डोंगर उतरला, तो गावात पुन्हा दिसला नाही. येसू मात्र कधीच खाली आली नाही, असं सांगतात.

आजही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी गाव झिऱ्याखाली उभा राहतो आणि पोरं पाणी आणून देतात. गेल्या वर्षी एका मोठ्या घरच्या माणसाला कुणीच दिलं नाही, त्याच्या स्वतःच्या लेकीनंही नाही. ऊन कलेपर्यंत तो उभा होता. का, म्हणून तिला कुणी विचारलं नाही. तिथं विचारायचं नसतं. त्या दिवसापासून ती पोर आजोळी राहते.