पिल्बीम खाटकाचे नाक

इंग्लंडातल्या ब्रॅम्बरी नावाच्या छोट्या गावात एनॉक पिल्बीम नावाचा एक खाटीक होता. घरोघरी फ्रीज येण्याच्या आधीचा तो काळ. बाजाररस्त्यावरचे त्याचे दुकान आजोबांनी काढलेले होते आणि त्याची ख्याती सॉसेजसाठी होती. डुकराच्या मांसाचा खिमा मसाला घालून आतड्यात भरायचा आणि महिनाभर धुरावर टांगायचा, की सॉसेज तयार. ते तसेच गार खातात. म्हणून मांस चांगले आहे की नाही, हे भरण्याआधीच कळावे लागते. नंतर मसाला आणि धूर मिळून बरेचसे झाकून टाकतात.

हे कळण्याचे पिल्बीम घराण्याचे साधन एकच, नाक. दर शनिवारी सकाळी एनॉक गिऱ्हाइकांच्या देखत खिम्याची मूठ नाकाशी नेई, डोळे मिटी, दीर्घ श्वास घेई आणि मान डोलावी. मान डोलली नाही, तर सगळा खिमा मागच्या खड्ड्यात जाई. डोलली, की रांगेतल्या लोकांचे अर्धे पोट तिथेच भरे.

एका हिवाळ्यात एनॉकला मोठा ताप आला. पंधरा दिवसांनी तो उतरला, पण जाताना वासाची जाण घेऊन गेला. कांदा, साबण, घोड्याची लीद, एनॉकला सगळे सारखेच, म्हणजे काहीच नाही. वासाबरोबर चवही गेली. तो पाव आणि चहावर राहू लागला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वास आला नाही.

एनॉकने हे कोणालाही सांगितले नाही. खाटकाने आपले नाक गेल्याचे जाहीर करणे म्हणजे न्हाव्याने आपला हात थरथरतो अशी पाटी लावणे. आठवड्यात येईल, महिन्यात येईल, असे स्वतःला सांगत त्याने दुकान उघडले. मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले, श्वास घेतला आणि मान डोलावली. रांग समाधान पावली.

दोन महिन्यांत गावाला वास येऊ लागला.

ब्रॅम्बरीचे लोक सज्जन होते. दुकानात तक्रार करणे तिथे चोरीच्या खालोखाल मानले जाई. चहा थंड मिळाला तरी ते ‘फारच छान’ म्हणून पैसे ठेवून निघत आणि पुढचा आठवडाभर घरी त्यावर बोलत. शिवाय एनॉक भला माणूस होता. विधुर होता. एकुलती एक मुलगी विनिफ्रेड दूरच्या शहरात शाळामास्तरीण होती. अशा माणसाचे मन कोणी मोडायचे? तीन मैलांवर दुसरा खाटीक होता, पण तिकडे जाणारी बस नेमकी पिल्बीमच्या दुकानासमोरून सुटे. रिकामी पिशवी घेऊन त्या बसमध्ये चढण्याची छाती कोणाची झाली नाही.

तेव्हा लोक शनिवारी रांगेत उभे राहत, सॉसेज घेत, ‘वा, मिस्टर पिल्बीम’ म्हणत आणि घरी नेऊन बागेत पुरत. कुत्र्यांना घालून पाहिले, पण कुत्र्यांना शिष्टाचार शिकवलेला नसतो. त्यांनी तोंड फिरवले. दोन वर्षे लागोपाठ ब्रॅम्बरीच्या गुलाबांना जिल्ह्याचे पहिले बक्षीस मिळाले. परीक्षकांनी मातीची विशेष तारीफ केली.

एकदा मिसेस गॅदरकोल या म्हाताऱ्या बाईंनी धीर केला. त्या शिवणकाम करत आणि स्पष्टवक्त्या म्हणून प्रसिद्ध होत्या. त्या रांगेतूनच म्हणाल्या, “मिस्टर पिल्बीम, मला तुमच्या मांसाबद्दल थोडं बोलायचंय.”

कोणी छताकडे पाहू लागले, कोणी बुटांकडे. एनॉकने सुरी खाली ठेवली.

“बोला ना,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

बाईंनी तो चेहरा पाहिला. “नाही म्हणजे… हल्ली तुम्ही फारच पातळ कापता.”

रांगेने श्वास सोडला. बाहेर आल्यावर तीन बायकांनी त्यांना गाठले. “केवढं घाबरवलंत! त्याला वाईट वाटलं असतं म्हणजे?” मिसेस गॅदरकोलना स्वतःची लाज वाटली. पुढच्या शनिवारी त्यांनी दुप्पट सॉसेज घेतले.

एनॉक मूर्ख नव्हता. आपल्याला वास येत नाही हे त्याला रोज कळत होते. त्याने मिऱ्याचे प्रमाण वाढवले. पण मनातला किडा जाईना. शेवटी एका दुपारी तो पोस्टात गेला. पोस्टमास्तर ऑगस्टस टर्व्ही त्याचा चाळीस वर्षांचा मित्र. काउंटरवर दुसरे कोणी नव्हते.

“ऑगस्टस, एक विचारू? अगदी खरं सांग.”

“विचार की.”

एनॉकच्या मनात होते की आधी नाकाचे सांगावे आणि मग विचारावे. शब्द ओठांपर्यंत आले. मग त्याला वाटले, उत्तर चांगले आले तर नाकाचे सांगायची गरजच काय?

“माझा माल हल्ली कसा असतो?”

टर्व्हीने त्याच सकाळी अर्धा पौंड सॉसेज गुलाबाखाली गाडले होते. नखात माती अजून होती. त्याने हात काउंटरखाली नेला. दर शनिवारी सगळ्यांसमोर हुंगून पाहणारा माणूस आपल्याला का विचारतो आहे? त्याला वाटले, कौतुक हवे असेल. बिचारा एकटा आहे.

“पहिल्या नंबरचा,” टर्व्ही म्हणाला. “तुझ्या वडिलांच्या वेळेपेक्षाही सरस.”

एनॉकने त्याचा हात घट्ट दाबला आणि तो शीळ घालत परत गेला. जाताना रस्त्यात कुठेतरी नाकाची चिंता त्याने कायमची टाकून दिली.

त्या जूनमध्ये विनिफ्रेडचे लग्न ठरले. मुलगा तिच्याच शाळेतला मास्तर, शांत स्वभावाचा. जेवण चर्चच्या हॉलमध्ये होते. लेकीच्या लग्नात दुसऱ्याच्या हातचे सॉसेज कसे असतील? एनॉकने महिनाभर आधी खिमा केला, हुंगला, मान डोलावली. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये भट्टीसारखे उकडत होते. तो थाळे घेऊन टेबलाटेबलांतून स्वतः वाढत फिरला. आनंदाने त्याचे पोट इतके भरले होते की त्याने घासही खाल्ला नाही.

गावकऱ्यांना या कामाचा सराव होता. ते सॉसेज कापत, इकडून तिकडे सारत, तोंडाजवळ नेत आणि हळूच मांडीवरच्या, घरून आणलेल्या रुमालात गुंडाळत. मग कोणी पियानोच्या मागे सारी, कोणी कुंड्यांच्या आड. उद्या हॉल झाडायला येऊ तेव्हा काढू, असे प्रत्येकाने मनात ठरवले.

वराकडच्या पाहुण्यांना यातले काही ठाऊक नव्हते. वराची आत्या वराच्या आईच्या कानाशी लागली. “जरा आंबूस लागतंय, नाही?”

“इकडची पद्धत असेल. पानात टाकू नका, बरं दिसत नाही.”

आत्याने सगळे संपवले.

एनॉक मुलीसमोर येऊन उभा राहिला. तिने पहिला घास घेतला आणि ती क्षणभर थांबली. बाप थाळा धरून तिच्या तोंडाकडे पाहत होता.

“कसं झालंय, विनी?”

पलीकडच्या टेबलावर मिसेस गॅदरकोल अर्ध्या उठल्या. त्यांच्या तोंडून “पोरी” एवढेच निघाले. शेजारी बसलेल्या टर्व्हीने त्यांच्या कोपराला धरले.

“बसा हो. आज त्याचा दिवस आहे.”

त्या बसल्या. त्यांनी टोपी नीट केली.

“पपा, तुमच्या हातची सर कशालाच नाही,” विनिफ्रेड म्हणाली आणि तिने घास गिळला. बापाने आणखी एक वाढले. तेही तिने खाल्ले.

तिसऱ्या दिवशी तिला एकाच्या जागी दोन दिसू लागले. मग गिळता येईना. मग बोलता येईना. सहाव्या दिवशी श्वास थांबला. आत्या तिच्या आदल्या दिवशी गेली. बाकीचे नऊ पाहुणे अंथरुणाला खिळले आणि महिन्याभराने उठले. त्यात नवरा मुलगा होता. ब्रॅम्बरीच्या एकाही माणसाचे पोटसुद्धा दुखले नाही.

असे मृत्यू झाले की तिथे कॉरोनर नावाचा अधिकारी साक्षी घेऊन कारण ठरवतो. त्याने गावातल्या बारा जणांना बोलावले. मिस्टर पिल्बीमच्या मालाबद्दल कधी शंका आली होती का? बाराही जणांनी एकमुखाने सांगितले की कधीच नाही, माल नेहमी उत्कृष्ट असे. जो बाप आताच मुलीला पुरून आला होता, तो समोरच बसला होता. त्याच्या तोंडावर दुसरे काय सांगणार? कॉरोनरने निकाल दिला की जून महिन्याच्या असामान्य उष्णतेमुळे अन्न बिघडले, दोष कोणाचाही नाही.

एनॉकने त्या निकालाला धरून स्वतःला कसेबसे उभे ठेवले.

आठवड्याने तो आपले थाळे आणायला चर्चच्या हॉलवर गेला. लग्नानंतर हॉल बंदच होता. झाडायला जाण्याची कोणाची इच्छा झाली नव्हती. चर्चच्या शिपायाने दार उघडले, नाकावर बाही दाबली आणि तो बाहेरच थांबला. एनॉक आत गेला. त्याला काहीच जाणवले नाही. पण पियानोच्या मागून माश्यांचे ढग उठत होते. त्याने पियानो सरकवला. मग कुंड्या हलवल्या. मग पडदे.

एकूण त्रेचाळीस रुमाल निघाले. त्या गावात रुमालाच्या कोपऱ्यावर मालकाच्या नावाची आद्याक्षरे दोऱ्याने भरण्याची रीत होती.

एनॉक जमिनीवर बसला. एक-एक रुमाल उघडून तो अक्षरे वाचत गेला. त्याला गावातल्या सगळ्यांची नावे पाठ होती.

त्याने ते रुमाल घरी नेले, उकळले, धुतले, इस्त्री केले. दुसऱ्या दिवशी काळा कोट घालून तो दारोदार फिरला. प्रत्येक दारात तो एवढेच म्हणाला, “तुमचा रुमाल राहिला होता.” आणि प्रत्येक दारातून उत्तर आले, “आभारी आहे, मिस्टर पिल्बीम. कशाला त्रास घेतलात?” मिसेस गॅदरकोलनी मात्र रुमाल हातात घेतला नाही.

टर्व्हीच्या दारात तो शेवटी गेला.

टर्व्हीने रुमाल घेतला आणि कोपऱ्यावरची आपली अक्षरे अंगठ्याने झाकली. मग म्हणाला, “एनॉक, मी नाही म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं.”

“हो,” एनॉक म्हणाला. “वाटलं असतं.”

“पण तू तर दर शनिवारी हुंगायचास!”

“मला वास येत नाही, ऑगस्टस. तापापासून. त्या दुपारी तेच सांगायला आलो होतो.”

एनॉक पायऱ्या उतरून गेला.

तो सरळ कॉरोनरच्या कचेरीत गेला. नाकाचे, पोस्टातल्या दुपारचे, रुमालांचे, सगळे त्याने सांगितले आणि म्हणाला, “साहेब, निकाल बदला. मुलगी उष्णतेनं गेली नाही. मी मारली, आणि गावानं बघत मरू दिली. तसं लिहा.”

कॉरोनर सभ्य गृहस्थ होता. त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि एनॉकच्या खांद्यावर हात ठेवला.

“मिस्टर पिल्बीम, दुःखात माणूस असं बोलतो. मनाला लावून घेऊ नका. तुमच्याबद्दल गावानं किती चांगलं सांगितलंय!”

त्याने कागद बंद करून कपाटात ठेवले. निकाल आजही तसाच आहे.

तात्पर्य: समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून जो खरे गिळतो, तो त्याला वाचवत नाही. तो फक्त स्वतःला त्या एका अवघड क्षणातून सोडवतो, आणि त्याची शिक्षा बहुधा तिसराच कोणीतरी भोगतो.