ठकूबाईंच्या गळ्यातला बिल्ला

“आणि हा बिल्ला राज्यारोहणाचाच, हे तू कशावरून ठरवलंस?” भास्करराव पोतनीसांनी विचारलं.

“मुकुटावरून, गुरुजी,” निरंजन धारप म्हणाला. “मुकुट अगदी स्वच्छ दिसतो.”

वाईला नदीकाठच्या त्या खोलीत पोतनीस गुरुजी चाळीस वर्षं जुनी नाणी ओळखत आले होते. निरंजन त्यांचा सर्वांत नावाजलेला शिष्य. नाणं हातात पडलं की तो राजा सांगे, टांकसाळ सांगे, साल सांगे. सांगितलेलं मागे घ्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. हेही तो सांगे.

चिंचदरीच्या जुन्या तलावावर गाव एक शिळा बसवणार होतं. तलावाच्या काळातली एकच वस्तू गावात उरली होती, ठकूबाई धोत्र्यांच्या गळ्यातला तांब्याचा बिल्ला. त्यावर अक्षर नव्हतं, साल नव्हतं. तो कुणी पाडला, कशासाठी, हे पंचायतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी निरंजनला बोलावलं.

निरंजनने एका नजरेत निकाल दिला. चिंचदरीकर सरदार गादीवर बसले, त्या दिवसाची ही आठवण. तलावही त्यांचाच. शिळेचा मजकूर तयार झाला. आता त्याला फक्त गुरुजींची संमती हवी होती.

ठकूबाई बिल्ला गळ्यातून काढायला तयार नव्हत्या. म्हणून त्या स्वतःच एसटीने त्याच्याबरोबर आल्या होत्या आणि दाराशी उभ्या होत्या.

“आधार?” गुरुजींनी विचारलं.

“तुमचंच पुस्तक. असाच एक बिल्ला तुम्हाला बाजारात मिळाला होता. त्याचं चित्र छापलंत, खाली लिहिलंत, ‘मुकुट, खाली मोत्यांची रांग.’ मी त्याच वाटेने पुढे गेलो.”

गुरुजींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. त्या पुस्तकाचा त्यांना फार अभिमान होता.

“या बाई काय म्हणतात?”

“त्यांना काय विचारायचं, गुरुजी? वस्तू बोलते. माणसं ऐकीव सांगतात. हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं…”

 गुरुजी दाराकडे वळले.

“ठकूबाई, हा बिल्ला कसला आहे?”

“मला कुणी इचारलंच न्हाय,” ठकूबाई म्हणाल्या.

“मी विचारतोय.”

ठकूबाईंनी पदर सावरला. दोन बोटांनी बिल्ला छातीवरून उचलला आणि खाली मान घालून स्वतःच बघितला.

“ह्ये टोपलं हाय,” त्या म्हणाल्या. “मातीचं. भरल्यालं.”

निरंजन हसला. “बाई, तो मुकुट आहे.”

“तुमच्याकडनं आसंल, सायेब. माझ्याकडनं टोपलं हाय.”

गुरुजी काठी टेकत उठले. ठकूबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यावरून खाली वाकून बघू लागले.

समोरून मुकुटाचा जो घुमट दिसे, तो इथून टोपल्याचं गोल बूड झाला होता. मोत्यांची रांग टोपल्याच्या काठावर चढली होती. ती ढेकळं होती.

“निरंजन, इकडे ये.”

निरंजन गेला. त्याने बघितलं. 

“उलटा पाडलाय…” तो पुटपुटला.

“उलटा न्हाय,” ठकूबाई म्हणाल्या. “जिनं घालायचा तिला दिसाया पाडलाय. दुसऱ्याला दावाया न्हाय.”

मग त्यांनी सांगितलं. तलावाला नुकतं पाणी आलं होतं आणि एका पावसाळ्यात भिंत खचली. बापये दूर घाटात दगड फोडायला गेले होते. वडारवाड्यातल्या एकोणीस बाया टोपली घेऊन खिंडारात उतरल्या. दोन दिवस माती ओतत होत्या. पाणी छातीला लागलं, तरी वर आल्या नाहीत. भिंत राहिली. खालचं गाव राहिलं. मग गावाने घराघरातून तांब्याची भांडी गोळा करून वितळवली आणि एकोणीस बिल्ले पाडले. त्यांतला हा एक, त्यांच्या आजेसासूचा.

“आणि सरदार?” निरंजनने विचारलं.

“त्ये वर गढीत व्हते. गढीला पानी लागत न्हाय.”

“त्या एकोणीस जणी कोण, हे आता कुणाला माहीत असणार…”

“मला हाय की.”

ठकूबाई ताठ झाल्या. एकेक बोट दुमडत त्यांनी नावं घेतली. येल्लवा. दुर्गव्वा. थोरली नागू. धाकटी नागू. तुळसा, ती पोटुशी होती. भिमव्वा… कुठे अडखळल्या नाहीत, कुठे घाई केली नाही. एकोणिसावं नाव आजेसासूचं. ते त्यांनी सगळ्यांत शेवटी घेतलं, आणि जरा मोठ्याने.



निरंजनने शिळेचा मजकूर घडी करून खिशात घातला. त्याचे कान लाल झाले होते. जायच्या आधी तो गुरुजींजवळ आला आणि हलक्या आवाजात बोलला.

“माझं सोडा, गुरुजी. मी चुकलो असं कळवीन. पण खरं लिहायचं तर तुमचं पुस्तक खोटं ठरतं. ती ओळख तुमच्या नावाने चालते… तुमचं नाव जाईल.”

गुरुजींनी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

“जाऊ दे. एकोणीस यायची आहेत.”