एका फुलाची शेवंती

झाडं माणसांशी बोलायची तेव्हाची गोष्ट. राही माळिणीच्या वाफ्यातल्या एका शेवंतीच्या कोवळ्या शेंड्याला रोज सकाळी एक ससा खायला म्हणून नाक लावायचा आणि राही त्याला हाकलायची. शेवंती राहीचे कान किटेपर्यंत रडली. शेवटी राहीनं तिच्या एकटीभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. शेवंती सुखावली आणि सरळ उंच वाढली.

दिवाळीत तिच्या काडीसारख्या अंगावर एकच फूल उमललं. कुंपणाबाहेरच्या बहिणींचे शेंडे सशानं पावसाळाभर खाल्ले होते. जिथं जिथं खुडलं, तिथं दोन-दोन फांद्या फुटल्या होत्या, आणि आता त्या फुलांनी वाकल्या होत्या.

एके सकाळी ससा शेजारच्या हरभऱ्याकडे निघालेला दिसला. शेवंतीला त्याच्या ओल्या नाकाचा गार स्पर्श आठवला.

"ससोबा, एकदाच ये की रे!"

ससा काट्यांपाशी थांबला. "बाई, तूच रडून हे काटे मागितलेस. आता आत येऊ कसा?"

तो गेला. तेव्हापासून शेवंती आपलं एकुलतं फूल हरभऱ्याच्या वाटेकडे वाकवून उभी असते. राही मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगते, "हिच्या पानालासुद्धा मी कुणाला तोंड लावू दिलं नाही!"