तायडे सिस्टरची खिडकी

"मग तुम्हीच सांगा उस्ताद, कूलर चालू असताना खिडकी उघडी पाहिजे की बंद?"

गफूर उस्तादांनी मान वर केली नाही. मांडीवर पंख्याची मोटर, बोटांत तांब्याची तार, आणि ओठ हलत होते. ते वेढे मोजत होते.

प्रसेनजित थांबला. उस्ताद वेढे मोजत असताना बोलायचं नाही, हे तो अकराव्या वर्षीच शिकला होता.

शेवटचा वेढा बसला. उस्तादांनी तार दातांनी तोडली.

"कोनाची?"

"कोणाची म्हणजे?"

"खिडकी. कोनाची?"

"कोणाचीही! उस्ताद, विज्ञान सगळ्यांना सारखंच असतं."

"कोनाचीही खिडकी मी पाह्यली नाही बेटा..."

आणि ते तारेचं दुसरं बंडल सोडायला लागले.

कारंज्याच्या बाजारात उस्तादांचं हे दुरुस्तीचं दुकान पन्नास वर्षं जुनं. शाळेत असताना प्रसेनजित इंगोले सात उन्हाळे इथंच बसला होता. मोटर उघडायची कशी, बंद यंत्राला कान कसा लावायचा, हे सगळं इथलं. पुढं तो इंजिनियर झाला, पुण्याला पंपांच्या कारखान्यात लागला. आणि गेल्या चार वर्षांत तो आणखी एका गोष्टीसाठी नावाजला. फेसबुकवर त्याचं 'यंत्रवेध' नावाचं पान होतं. चाळीस हजार लोक ते वाचायचे. मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावावा का, फिल्टरचं पाणी चांगलं की माठाचं, इंडक्शन परवडतं की गॅस... वाद कुठलाही असो, प्रसेनजित हरला असं कुणी पाहिलं नव्हतं.

सध्या वाद कूलरचा होता. अकरा दिवस झाले तरी मिटत नव्हता. एक पक्ष उघड्या खिडकीचा, दुसरा बंद खिडकीचा. प्रसेनजित मे महिन्याच्या सुटीत घरी आला होता, तो मनाशी एक बेत करूनच. पन्नास वर्षं कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसानं कॅमेऱ्यासमोर एक वाक्य बोलावं, की विषय संपला.

"कूलर हवेत ओलावा सोडतो," तो म्हणाला. "त्या ओलाव्याला बाहेर जायला वाट पाहिजे. नाही तर खोली दमट होते, घाम वाळत नाही, माणूस शिजतो. म्हणून खिडकी उघडी. चुकतंय का काही?"

"बरोबर हाय."

"मग एवढंच बोला ना! मी मोबाईल धरतो."

"तू बोललाच की. चाळीस हजारांनी ऐकलं."

"ऐकत नाहीत ना पण!"

"कोन?"

"ही बघा, ही एक बाई." प्रसेनजितनं मोबाईल काढला. हे तर त्याला केव्हाचं दाखवायचं होतं. नाकात सूर काढून त्यानं वाचलं, "'आमच्याकडे खिडकी बंदच ठेवावी लागते. खोली गार कशी राहील.' एवढं सगळं समजावून सांगितल्यावर हे! मग मी लिहिलं, 'अशा लोकांनी कूलर बंदच करून टाकावा. विजेची बचत होईल आणि विज्ञानाचीही अब्रू वाचेल.' नऊशे लोक हसले उस्ताद. नऊशे!"

उस्ताद हसले नाहीत.

"पुन्हा वाच."

"काय? माझं?"

"तिचं."

प्रसेनजितनं भराभर वाचलं.

"आता असं वाच का ते बाई इथं दुकानात उभी हाय. तुह्यासमोर."

प्रसेनजितला गंमत वाटली. म्हातारपणी उस्तादांना नाटकाची हौस आली की काय! तरी त्यानं दाराकडे पाहिलं. उंबऱ्यात कुणी उभं आहे असं धरलं आणि तिच्या तोंडचं वाक्य सावकाश म्हटलं.

"आमच्याकडे खिडकी बंदच ठेवावी लागते. खोली गार कशी राहील..."

त्याचा आवाज शेवटी आपोआप वर गेला.

 त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. त्या वाक्यापुढं प्रश्नचिन्ह नव्हतं. पण...

"इचारत होती," उस्ताद म्हणाले.

प्रसेनजितनं ते वाक्य पुन्हा वाचलं.

"मंग काय सांगतलं तिले?"

प्रसेनजितचं बोट स्क्रीन सरकवू लागलं. तिच्या त्या दोन ओळींखाली तीनशेच्या वर उत्तरं होती. बराच वेळ सरकवत राहिला.

"कुणीच काही नाही सांगितलं," तो शेवटी म्हणाला.

"नाव?"

"कुमुद तायडे. फोटोच्या जागी झेंडूची फुलं आहेत. गाव शेलवाडी... विचारतो मी तिला मेसेज करून."

त्यानं मेसेज केला. वाट पाहिली. उत्तर आलं नाही.

उस्ताद उठले. खुंटीवरची कापडी पिशवी काढली. पक्कड, पेचकस, छोटी करवत, थोडे खिळे असं त्यांनी तिच्यात भरलं आणि पिशवी प्रसेनजितच्या मांडीवर ठेवली. मग त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, तो अकरा वर्षांचा असताना फिरवायचे तसाच.

"खिडकी पाहून ये. मंग इचार मले."

"आत्ता? या उन्हात?"

पण उस्तादांचे ओठ पुन्हा हलायला लागले होते.

शेलवाडी मोटरसायकलनं तासाभराची वाट. उन्हानं रस्ता नुसता थरथरत होता. निम्मी वाट प्रसेनजित रागातच होता. खिडकी बंद ठेवणाऱ्या बाईला काय काय सांगायचं, याची वाक्यं तो हेल्मेटच्या आत जुळवत होता. आकृती काढून दाखवावी, हेही त्यानं ठरवलं.

गावात नाव विचारलं तर एकानं हात लांब केला. "तायडे सिस्टर? ते काय, डाळमिलच्या मागं. आमच्या गावातले अर्धे लोक त्यांच्याच हातानं जन्मले."

दोन खोल्यांचं घर होतं. अंगणात लोखंडी घोडीवर कूलर, तोंड घरात. प्रसेनजित दारापर्यंत पोचला आणि थबकला. कूलर बंद होता. जाळीतलं गवत वाळून कडकडीत झालेलं. पारा चव्वेचाळीसच्या पुढं होता त्या दिवशी.

दार उघडलं ते साठीपुढच्या एका बाईनं. हातात विणलेला पंखा. पातळाचा पदर घामानं भिजलेला.

"मी प्रसेनजित इंगोले," तो म्हणाला.

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "यंत्रवेधवाले? अगं बाई! तुमचं सगळं वाचते मी. या, या आत. ऐकलं का, पुण्याचे ते इंजिनियर आले आपल्या घरी!"

आकृती काढून दाखवायचं प्रसेनजित विसरून गेला.

"मावशी, कूलर बंद का आहे?"

"तुम्हीच लिहिलं होतं ना, बंद करून टाकावा म्हणून," कुमुदताई म्हणाल्या. "पाच दिवस झाले, लावलाच नाही. मी म्हटलं, यांच्या छातीले वाईट असंल. फोनही बंद करून ठेवला मग. लोक काय काय लिहीत होते..."

त्या पंखा हलवत आत गेल्या. प्रसेनजित उंबऱ्यातच उभा राहिला. 

आत खाटेवर तीन उशा रचून देवराव तायडे टेकून बसले होते. प्रत्येक श्वासाला छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. गालफडं बसलेली, पण डोळे हुशार. मागच्या भिंतीला दोन तावदानांची जुनी लाकडी खिडकी. तिच्या फटींत जुन्या साडीच्या पट्ट्या ठासून भरल्या होत्या.

"मागं मिल हाय," कुमुदताई म्हणाल्या. "डाळीचा भुसा उडते. यांना एक कण सहन होत नाही."

प्रसेनजितला राहवलं नाही. सवयीनं तोंडून निघालंच, "पण कूलर चालू असला की हवा खोलीतून बाहेर जाते ना मावशी. भुसा आत येऊच शकत नाही."

"हाव," कुमुदताईंनी मान हलवली. "अन लाइट गेली की?"

प्रसेनजितनं बंद खिडकीकडे पाहिलं.

"दुपारून तीनदा जाते. मी पाण्याले गेली असली तर यांना उठून खिडकी लावता येत नाही. मागच्या साली तसंच झालं. आठ दिवस दवाखान्यात होते."

त्यांच्या बोलण्यात वादाचा सूरच नव्हता. अकरा दिवस चाळीस हजार लोक भांडत होते, आणि लाइट गेली की काय, हे एकानंही विचारलं नव्हतं. त्यानंही.

प्रसेनजित खाली जमिनीवर बसला आणि खिडकीकडे बघत राहिला. बराच वेळ. बंद यंत्रासमोर उस्ताद बसायचे, तसा.

मग म्हणाला, "मावशी, यांचे जुने एक्स-रे आहेत का घरात?"

कुमुदताईंनी ट्रंकेतून पाकिटं काढली. प्रसेनजितनं त्यातल्या दोन फिल्म निवडल्या. खिडकीची दोन्ही काचेची तावदानं पेचकसानं मोकळी केली. त्यांच्या जागी बाहेरच्या अंगानं एक एक फिल्म वरच्या कडेला रबराच्या पट्टीनं टांगली, खालच्या कडेला वजनासाठी करवतीनं कापलेली लाकडी कांबी लावली. बाहेरून ती खिडकीच्या चौकटीला टेकत होती. आत यायला तिला वाव नव्हता, बाहेर मात्र ती झुलू शकत होती. फटींतल्या चिंध्या तशाच राहू दिल्या. हातोडी आणायचीच राहिली होती म्हणून खिळे वरवंट्यानं ठोकले. एक घाव बोटावर बसला.

कुमुदताईंनी कूलरमध्ये पाणी भरलं. गवत भिजलं. प्रसेनजितनं बटण दाबलं.

गार वारा खोलीत शिरला, खाटेवरून गेला, मागच्या भिंतीशी पोचला... आणि दोन्ही फिल्म हलक्याच बाहेर उचलल्या गेल्या.

देवराव एकटक बघत होते.

"म्हंजे आता," ते दम घेत घेत म्हणाले, "माही छाती... खिडकीले टांगली म्हना."

कुमुदताई हसल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग त्या हसत नव्हत्या.

लाइट जाईपर्यंत प्रसेनजित हलला नाही. ती पाऊण तासानं गेली. कूलर घरघरून थांबला आणि त्याच क्षणी दोन्ही फिल्म टपकन चौकटीवर बसल्या. भुसा बाहेरच राहिला. बारा मिनिटांनी लाइट आली, वारा आला, फिल्म पुन्हा उचलल्या गेल्या. कुणाला उठावं लागलं नाही.

निघताना तो अंगणात घुटमळला.

"मावशी, ते कूलर बंद करायचं... ते मी तुमची चेष्टा करायला लिहिलं होतं."

कुमुदताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. बाळंतपणाच्या वेळी एखाद्या घाबरलेल्या सासूकडे पाहत असतील तशा.

"वाटलं होतं मले तसं," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, एवढा शिकलेला मानूस. चेष्टेतही काही खरं असंल त्याच्या... थांबा जरा, बोट दाखवा. औषध लावते."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रसेनजित दुकानात आला तो घाईघाईनं.

उस्तादांनी त्याच्या बोटाची पट्टी पाहिली.  धड पायाचं होतं ते एकुलतं स्टूल पुढं सरकवलं.

"सकाळी ते वाक्य मी पुसून टाकलं," प्रसेनजित बसता बसता म्हणाला. "चुकलो, असं लिहिलं. खिडकी कशी केली तेही लिहिलं. आणि उस्ताद, लोक काय म्हणतात माहीत आहे? एक पक्ष म्हणतो, बघा, शेवटी खिडकी उघडीच लागली. दुसरा म्हणतो, बघा, शेवटी बंदच करावी लागली. दोघं मलाच साक्षीला ओढतायत! पुन्हा पेटलाय वाद. आता मला शेवटचं काहीतरी लिहिलंच पाहिजे."

"हं."

"आता तर मी खिडकी पाहून आलो. हातानं करून आलो. आता सांगाल ना? उघडी की..."

त्याचा फोन वाजला. नाव पाहून तो उभाच राहिला.

"हां मावशी, बोला!... काय?... कधीपासून?... नाही नाही, उठवू नका. अजिबात उठवू नका!"

फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते आणि आवाज सगळ्या बाजाराला ऐकू जाईल इतका चढला होता.

"देवरावकाका झोपले, उस्ताद! पाच दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा. बारा वाजता आडवे झाले. तीन उशांतली एक स्वतःच काढून टाकली म्हणे. दोन तास झाले, अजून झोपलेलेच आहेत!"

उस्तादांच्या हातात पक्कड होती. ती त्यांनी लोखंडी पेटीत टाकली नाही. मांडीवरच्या फडक्यावर अलगद टेकवली, आवाज न करता.

"आत्ता झोपेत हाय?"

"हो! आत्ता, या घडीला!"

"मंग हळू बोल."