दवंडी न पोहोचणारा काठ

फार पूर्वी शिरीषनगरात पृथुयश नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या न्यायाधीशाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. विद्याभ्यास संपवून तो घरी परतला त्याच वर्षी त्याचे वडील वारले. आई लहानपणीच गेली होती. मोठ्या घरात तो एकटाच उरला.

त्या सुमारास राजाने न्यायसभेचे जुने नियम तपासून नव्याने लिहिण्यासाठी एक मंडळ नेमले. वादीने तक्रार कशी मांडावी, साक्षीदार कोणी आणावेत, प्रतिवादीला कसे बोलवावे, हे सारे या मंडळाने ठरवायचे होते. वडिलांची जागा म्हणून सोमिलला त्यात घेतले. बाकीचे सभासद त्याच्या आजोबांच्या वयाचे होते आणि आपले पांढरे केस हाच पुरावा आहे, असे त्यांच्या बोलण्यातून वाटे. प्रमुख होते आर्य वासुल, सोमिलचे शेजारी.

मंडळाची रीत जुनी होती. कोणा धनिकाचा निरोप आत येऊ नये म्हणून बैठकीच्या काळात सभासद मंडळाच्या दालनातच राहत. दारे-खिडक्या बंद असत आणि बाहेरची कोणतीही बातमी आत न्यायची नाही, अशी नोकरांना ताकीद असे. वासुल एकेक नियम मोठ्याने वाचीत आणि प्रत्येकाने 'मान्य' म्हणायचे. एक जरी गप्प राहिला तरी मसुदा राजाकडे जात नसे. म्हणून जो गप्प राही त्याने उठून अंगणातल्या बकुळीखालच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तो घरी जाऊ शके, गावात हिंडू शके, पण मंडळातले कोणी त्याच्याशी बोलत नसे. दिवेलागणीला वासुल दार उघडून एकदाच विचारीत, "मान्य?" बहुतेकांचे मत ऊन चढेपर्यंतच बदलत असे.

काम सावकाश चालले होते. प्रतिवादीने 'यावे' म्हणायचे की 'उपस्थित व्हावे', यावर एक अख्खा दिवस गेला. मग वासुलांनी पुढचा नियम वाचला. "प्रतिवादीच्या नावाची चव्हाट्यावर तीन बाजारांच्या दिवशी दवंडी पिटावी. तरीही तो न आल्यास वादीचे म्हणणे सिद्ध झाले असे मानावे."

हा जुनाच नियम होता. सगळे 'मान्य' म्हणाले. सोमिल गप्प राहिला.

त्याला सामा आठवत होती. सामा ही नदीपलीकडे राहणारी बुरूड बाई. नवरा गेल्यापासून ती एकटीच टोपल्या विणून पोट भरत होती. तिच्या झोपडीमागचे वेळूचे बन आपले आहे, अशी तक्रार नगरातल्या एका व्यापाऱ्याने केली होती. दवंडी झाली, सामा आली नाही, निकाल लागला. तिला हे कळले ते व्यापाऱ्याची माणसे कोयते घेऊन बनात शिरली तेव्हा. ती धावत न्यायसभेत आली, तर तिथे कोणी तिचे ऐकेना. शेवटी ती राजाच्या दारात जाऊन बसली. राजा म्हणाला, "नियम तपासले जाताहेत. मंडळाने हा नियम बदलला तर तुझं ऐकू. कायम ठेवला तर बन गेलं असं समज."

"आर्य," सोमिल म्हणाला, "नदीपलीकडे दवंडी ऐकू येते का, हे आपण पाहिलं आहे का?"

"तुझ्या वडिलांनी याच नियमानं आयुष्यभर न्याय दिला," वासुल म्हणाले. "त्यांना काही कमी दिसत होतं?"

"मी दिसण्याचं नाही विचारलं."

एक सभासद जांभई देत म्हणाला, "पोरा, बकुळीची सावली चांगली असते. जा, बस."

सोमिल उठला आणि ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणजे दवंडीचा दिवस. तो होडीने नदीपलीकडे गेला. सामा दारात बसून वेळूच्या कांब्या सोलत होती. तो बाहेरच्या दगडावर टेकला.

"कोण आपण?" तिने विचारले.

"नियम लिहिणाऱ्यांतला एक."

"मग इथं काय लिहायचंय?"

"काही नाही. दवंडी ऐकू येते का बघतोय."

सामाने हातातली कांबी खाली ठेवली. "ऐका की मग. मीही बसते."

ते दोघे दुपारभर बसले. काठावरचे बोरू वाऱ्याने सळसळत होते. मधूनच एखादा खंड्या ओरडे. नगराच्या बाजूने काहीच आले नाही.

"नवरा होता तेव्हा पलीकडून कोणी तरी हाक मारायचं," सामा म्हणाली. "आता माझं नाव घ्यायला कोणी येत नाही. कधी कधी मीच मोठ्यानं म्हणून बघते."

सोमिलला स्वतःचे घर आठवले. उन्हे कलली तशी तो होडीत बसला.

मग दिवसांमागून दिवस गेले. सोमिल ओट्यावर बसे. बकुळीची फुले अंगावर पडत, सुकत. वडिलांचे जुने मित्र मान वळवून जात. ज्यांच्या मांडीवर तो खेळला होता तेही त्याच्याकडे पाहत नसत. रस्त्यात लोक कुजबुजत, की मुलाला विद्या चढली आहे. घरी गेले तरी बोलायला भिंतीच होत्या. कधी कधी आपलाच आवाज कसा आहे हे तो विसरे. दिवेलागणीला दार उघडे.

"मान्य?"

"नाही, आर्य."

दार बंद होई. दिवसभरात त्याच्या वाट्याला येणारे बोलणे तेवढेच होते, आणि त्या एका शब्दाची तो सकाळपासून वाट पाहत असे. याची त्याला लाज वाटे.

एका संध्याकाळी वासुल दार उघडून उंबऱ्यातच थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "न्यायाधीशाचं आसन रिकामं आहे. तुझ्या वडिलांचं. राजा मला विचारणार आहे. एका बाईच्या चार वेळवांसाठी ते घालवू नकोस."

सोमिलच्या डोळ्यांपुढे ते आसन आले. आत दिवे लागले होते, पाने मांडली जात होती, कोणी तरी हसत होते. एक शब्द उच्चारला की तोही त्या पंगतीत बसणार होता.

"नाही, आर्य," तो म्हणाला.

त्या रात्री त्याने ओळखले, की नुसते बसून राहिल्याने हे दार उघडणार नाही. आत बसलेल्यांना बाहेर राहणे म्हणजे काय, हे ठाऊकच नव्हते.

वासुलांच्या परसाची भिंत सोमिलच्या परसात हातभर सरकलेली होती. ही गोष्ट सगळ्या आळीला माहीत होती. वडिलांनी शेजार राखण्यासाठी कधी तोंड उघडले नव्हते. सकाळी सोमिल न्यायसभेत गेला आणि त्याने खरी होती तेवढीच तक्रार मांडली. नियमाप्रमाणे चव्हाट्यावर दवंडी झाली. "आर्य वासुल, हजर व्हा." ओट्यावर बसलेल्या सोमिलला ती स्पष्ट ऐकू आली. बंद दालनात ती पोहोचली नाही, आणि दूरच्या आळीत वासुलांच्या घरीही नाही. ज्या नोकरांनी ऐकली त्यांनी ताकीद आठवून तोंड मिटले. पुढच्या बाजारी तेच झाले, आणि त्याच्या पुढच्याही. वासुल आले नाहीत. सोमिलचे म्हणणे सिद्ध झाले असे न्यायसभेने मानले.

दुसऱ्या दिवशी पहारी घेऊन माणसे वासुलांच्या परसात शिरली. त्यांची पत्नी म्हातारी होती आणि तिला मंडळाच्या रीतीची पर्वा नव्हती. तिने येऊन दालनाचे दार ठोठावले.

"अहो, नियम लिहून झाले असतील तर घरी चला. भिंत पाडायला माणसं आलीत. त्यांच्या हातात न्यायसभेचा निकाल आहे."

वासुल अंगणात आले. मागून सगळे सभासद आले. "मला न विचारता निकाल?" ते म्हणाले. "कोणी केली तक्रार?"

"मी, आर्य," सोमिल ओट्यावरून उठून म्हणाला. "आपल्याला विचारलं होतं. चव्हाट्यावर, तीन बाजारांना."

"मी चव्हाट्यावर नव्हतोच. दारं बंद होती. मला ऐकू कसं येणार?"

आपण काय म्हणालो ते हळूहळू वासुलांच्या ध्यानात आले. ते ओट्याच्या कडेवर टेकले.

"हे तू मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"आपण माझ्याशी बोलत नव्हता, आर्य."

सोमिलने तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली आणि माणसांना परत पाठवले. भिंत होती तिथेच राहिली. वासुल आत गेले आणि स्वतःच्या हाताने नियम लिहू लागले. प्रतिवादीच्या दारी जावे, त्याला नावाने हाक मारावी आणि त्याचे उत्तर कानी पडल्यावाचून त्याच्याविरुद्ध निकाल देऊ नये. वाचून झाल्यावर सगळे 'मान्य' म्हणाले. सोमिलही म्हणाला.

पण ज्याने चारचौघांत मान खाली घालायला लावली त्याला कोणी जवळ करीत नाही. समारोपाच्या पंगतीत त्याच्या शेजारची पाने रिकामी राहिली. वडिलांचे आसन दुसऱ्याला मिळाले. राजाने विचारले, "तुला काय हवं?"

"नव्या नियमाप्रमाणे हाक मारायला कोणी तरी जावं लागेल," सोमिल म्हणाला. "मला जाऊ द्या."

सर्वांत आधी तो नदीपलीकडे गेला. झोपडीचे दार लोटलेले होते. नियमात लिहिल्याप्रमाणे त्याने अंगणात उभे राहून हाक मारली, "सामा."

आत काही तरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "आले. थांबा, जाऊ नका."

तिने न्यायसभेत आपले म्हणणे मांडले. पलीकडच्या काठावरच्या माणसांनी साक्ष दिली आणि बन तिच्याकडेच राहिले. सोमिल मात्र आयुष्यभर या दारातून त्या दारात हाका मारीत हिंडला. आतून उत्तर आले की तो पुढच्या वाटेला लागे.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, सुव्रता नावाच्या तरुण भिक्षुणीला सांगितली. संघाच्या एका नियमावर स्थविरांशी, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्षूंशी, तिचा मतभेद झाला होता. तिच्याशी कोणी बोलत नव्हते आणि ती विहाराबाहेर एकटीच बसली होती. शास्ता म्हणाला, "ज्या स्थविराने आज तुला गप्प केलं तो तेव्हा वासुल होता. त्याची पत्नी म्हणजे तुला भिक्षा वाढणारी ती म्हातारी उपासिका. सोमिल मीच होतो. आणि सुव्रते, सामा तू होतीस. त्या दिवशी तू उत्तर दिलंस म्हणून मी पुढं चालू शकलो. सगळ्यांनी पाठ फिरवली तरी ज्याच्यापर्यंत हाक पोहोचली नाही अशा माणसासाठी जागचं न हलणं, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात."