सटवोजी हवालदाराची मागची करवंटी

घोणसगडावर चढून आलात, घामाघूम झालात, तेव्हा एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, म्हणजे मागाहून राग यायला नको. इथं पाणी मिळतं, गार मिळतं, पण मोठ्या माणसाला शेवटी मिळतं. आधी गाडीचा ड्रायव्हर पिणार, मग बायका-पोरं, आणि सगळ्यांचं झालं की साहेब. साहेब फौजेतले आहेत म्हणे, ड्रायव्हरनंच सांगितलं. मग तर त्यांनी थांबलंच पाहिजे. खाली गावातही हीच रीत आहे. लग्नात वरबाप शेवटी पितो, जत्रेत पाटील शेवटी पितो. मागं एक मोठे अधिकारी हात पुढं करून ताटकळले आणि गाव उर्मट आहे म्हणून रागानं निघून गेले. गाव उर्मट नाही हो. गावाला लाज वाटते, एवढंच.

आणि पाणी तांब्यात नाही, नारळाच्या करवंटीत. पहिली करवंटी तर माणसाला नाहीच. टाक्याच्या काठावर तो बिनशेंदराचा धोंडा दिसतो ना, त्याच्यावर ओतायची. कुणाचा धोंडा, ते ऐका. बसा जरा सावलीला.

फार जुनी गोष्ट आहे. गडाला वेढा पडला होता. गडावर सटवोजी नावाचा हवालदार होता, म्हणजे गडाचा मुख्य अंमलदार. माणूस नेकीचा, हाताखालच्या लोकांवर जीव टाकणारा, असं सांगतात. तटावर दगड चढवायचे असले की आधी याचा खांदा लागायचा. त्याच्या हाताखाली गोंदजी नाईक होता, वयानं मोठा, बोलायला कमी. सटवोजीनं एकदा म्हटलं की गोंदजीनं ते केलंच म्हणून समजा.

उन्हाळा कडक. हे टाकं तळाला गेलं. वेढा उठेना आणि कुमक येईना. तेव्हा सटवोजीनं नेम घालून दिला की दिवसाला माणशी एक करवंटी पाणी. भर दुपारी सगळे इथं जमायचे, आणि पहिली करवंटी हवालदाराची, तो त्याचा मान होता.

आता पाप कुठं शिरलं ते बघा. सटवोजी राहायचा त्या खोलीत देवाचा कोनाडा होता. एक दिवस देव पुसताना त्याच्या बोटांना ओल लागली. मागचा दगड हलवला तर आत कातळातून पाझर! थेंब थेंब पडून दिवसाकाठी एक भांडं भरेल एवढाच. सटवोजीनं पाझराखाली भांडं ठेवलं, आणि भरल्यावर डोळे मिटून ते तोंडाला लावलं. मग त्याच्या मनात आलं, हे लोकांना सांगितलं तर एवढ्याशा पाण्यावरून मारामाऱ्या होतील. आणि गड सांभाळायचा तर गडाच्या धन्याचं डोकं ठिकाणावर नको का? त्यानं दगड परत लावला. माणूस एकदा स्वतःशीच वकिली करायला लागला की त्याला कोण हरवणार?

पण नेकीचा माणूस, मन खाऊ लागलं. मग त्यानं तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत आपली करवंटी उचलली, अर्धी प्यायला आणि उरलेली अर्धी पुन्हा घागरीत ओतली. म्हणाला, “मला एवढं पुरतं. जखमींना द्या.” त्याला वाटलं, फिटलं. आपण आतून घेतलं, बाहेरून दिलं.

लोकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं म्हणे, त्या कोरड्या डोळ्यांत. “हवालदार देवमाणूस आहे,” असं जो तो म्हणू लागला. रोज अर्धी करवंटी पिऊन हा माणूस तटावरून फिरतो, याचा आवाज खणखणीत, याचे ओठ फुटत नाहीत, मग आपण का हातपाय गाळायचे? गड त्या अर्ध्या करवंटीवर लढायला लागला. आणि जसजशी वाहवा वाढली तसतसं सटवोजीला खरं बोलणं अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी बोलला असता तर चार शिव्या खाऊन सुटला असता. आता कोणत्या तोंडानं बोलणार?

मग एका दुपारी गोंदजी नाईकानं आपली करवंटी अर्धी पिऊन उरलेली घागरीत ओतली.

सटवोजीनं त्याचा हात धरला. “नाईक, हे काय? पुरं पाणी प्या,” तो म्हणाला.

गोंदजी हसला. “तुम्हाला पुरतं, मग मला का न्हाई पुरायचं, हवालदार? तुमच्याकडं बघून सवय करतोय.”

सटवोजीला तिथंच सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते, असं सांगतात. पण आजूबाजूला सगळा गड उभा, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्यानं एवढंच म्हटलं, “वय झालंय तुमचं. हट्ट नको.” झालं! वय काढलं म्हटल्यावर गोंदजी कसला ऐकतोय? हट्टालाच पेटला.

रोज सटवोजी ठरवायचा, आज सांगतो. कोनाड्यातलं भांडं गोंदजीला नेऊन द्यावं असंही त्याच्या मनात यायचं. पण तो विचारेल ना, हे आलं कुठून? त्या एका प्रश्नाला भिऊन हा तलवारीचा माणूस रोज ते भांडं आपणच रिकामं करायचा. नाईकाचे डोळे खोल गेले, जीभ सुजली, तरी अर्धी करवंटी घागरीत जायची. शेवटी याच टाक्याच्या काठावर, भर उन्हात, गोंदजी पहाऱ्यावरून येता येता खाली बसला तो उठला नाही. सटवोजीनं धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गोंदजीला धड बोलता येत नव्हतं. तरी बोलला. “माफी करा, हवालदार. तुमच्यावानी न्हाई टिकलो मी.”

आणि गेला.

पुढं कुमक आली आणि वेढा उठला. पाण्याच्या पखाली वर चढल्या, माणसं अंगावर पाणी ओतून घेत नाचली. सरदारानं भर सदरेवर सटवोजीच्या हातात सोन्याचं कडं घातलं. ते कडं घेऊन तो खाली वाडीत गोंदजीच्या बायकोकडं गेला. ठकूबाई तिचं नाव. कडं तिच्यापुढं ठेवलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

ठकूबाईनं कड्याला हात लावला नाही. म्हणाली, “कडं कशाला? गडावरची माणसं सांगून गेली मला. माझा धनी तुमच्याकडं बघून अर्ध्या पाण्यावर राहिला म्हणं. मला त्येचं लई मोठं वाटतंय.”

तिथं सटवोजी मोडला. दारातच बसला आणि कोनाडा, पाझर, भांडं, सगळं ओकून मोकळा झाला. बाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तहानेनं मेला आसता तर म्या म्हनलं आसतं, लढाई हाय, सगळ्यांचंच तसं. पर त्यो तुमच्या बरुबरीला उभं ऱ्हायाला मेला. आन् तुमाला तहानच नव्हती.”

सटवोजीनं कमरेची कट्यार काढून तिच्यापुढं ठेवली. “तूच मार,” म्हणाला.

“मरून सुटू नगा,” ठकूबाई म्हणाली. “वर जावा. सगळ्यांना पाजा आन् मग प्या. कुनाचं ऱ्हायलं का, ते इचारून प्या. तहान काय आस्ती ते जरा तुमालाबी कळू द्या.”

सटवोजी गडावर परतला. सगळ्यांना बोलावून त्यानं कोनाड्याचा दगड आपल्या हातानं फोडला आणि आतलं ओलं भांडं लोकांना दाखवलं. कुणी थुंकलं, कुणी रडलं. हवालदारकी सोडून तो या टाक्याचा पाणक्या झाला. आल्यागेल्याला करवंटीनं पाणी पाजायचा, आणि दिवस कलला, आता कुणी येत नाही म्हटल्यावर मग आपण प्यायचा. तेवढ्यात एखादा गुराखी चढताना दिसला तर ओठाशी नेलेली करवंटी खाली ठेवायचा, असं सांगतात.

म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला. शेवटची घटका आली तशी माणसांनी रीतीप्रमाणं तोंडात पाणी घालायला घेतलं. पण त्यानं दात आवळले. म्हणाला, “गोंदजीचं झालं का?” मग कुणीतरी धावत जाऊन ठकूबाईला आणलं. तीही थकलेली, दोघांनी धरून वर चढवली. तिनं टाक्यातून करवंटी भरली, गोंदजीच्या नावाचा धोंडा इथं पुरला होता त्याच्यावर ओतली, आणि दगड ओला असेतोवर लगबगीनं आत जाऊन म्हणाली, “झालं त्येचं. प्या आता.” आणि दुसरी करवंटी तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या ओठाला लावली.

तो प्यायला की पाणी नुसतंच ओघळून गेलं, यावर गावात अजून दोन तट आहेत. गोंदजीच्या कुळातले म्हणतात, प्यायला, आमच्या आजीनं पाजलं. सटवोजीच्या कुळातले म्हणतात, नाही प्यायला, त्याला तोंडच नव्हतं. गेल्या जत्रेत यावरूनच दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती, सोडवता सोडवता पुरेवाट झाली.

आजही घोणसगडावर पहिली करवंटी गोंदजीच्या धोंड्याला आणि शेवटची मोठ्या माणसाला. त्यानं पिण्याआधी मोठ्यानं विचारायचं, “सगळ्यांचं झालं का?” आणि सगळे हो म्हणाले तरी धोंड्याकडं बघायचं. तो ओला असेल तरच प्यायचं. उन्हाळ्यात कातळ तापलेला असतो, धोंडा बघता बघता सुकतो. मग पुन्हा ओतायचं आणि पुन्हा विचारायचं. पाटलांना कधी कधी तासभर ताटकळावं लागतं, पण कुणी कुरकुरत नाही.

बघा, ड्रायव्हरचं झालं, बाईंचं झालं, पोरांचंही झालं. साहेब, करवंटी उचललीत खरी, पण तिकडं नजर टाका. गोष्ट ऐकता ऐकता धोंडा सुकला. खाली ठेवा ती, आणि आधी त्याला द्या.